गस्ट, गेल, स्क्वॉल, सायक्लोन: इंग्रजीतले वाऱ्याचे शब्द आणि त्यांमागचे आकडे

वादळाचे दिवस आले की इंग्रजी बातम्यांत वाऱ्याच्या शब्दांची झुंबड उडते. ‘सस्टेन्ड विंड्स’, ‘गस्टिंग टू’, ‘स्क्वॉली वेदर’, ‘गेल वॉर्निंग’. मराठीत येताना या सगळ्यांचा बहुधा ‘सोसाट्याचा वारा’ होतो आणि वाचणारा पुढे सरकतो. शब्दकोशाचीही फार मदत होत नाही. गस्टचा अर्थ ब्लास्ट, ब्लास्टचा अर्थ गस्ट, आणि दोन्हींपुढे ‘वाऱ्याचा झोत’.

हवामानाच्या निवेदनात मात्र यातला एकही शब्द शोभेसाठी नसतो. ‘गेल’ म्हटलं की वाऱ्याचा वेग अमुक आकड्यापासून तमुक आकड्यापर्यंत, ‘स्क्वॉल’ म्हटलं की तो वेग निदान एक मिनिट टिकलेला, ‘वेस्टर्ली’ म्हटलं की वारा पश्चिमेकडून आलेला, असं सगळं पक्कं ठरलेलं आहे. तेव्हा वाऱ्याचा नवा इंग्रजी शब्द समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात: किती वेळ, किती वेगाने आणि कुठून. बहुतेक शब्द यांपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर देतात. गोंधळ होतो तो एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे.

आधी वेळ: सस्टेन्ड विंड, गस्ट, स्क्वॉल

वारा एका लयीत कधीच वाहत नाही. क्षणात चढतो, क्षणात पडतो. त्यामुळे ‘वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर’ असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो, हा वेग किती वेळाच्या मोजणीतून काढला? सस्टेन्ड विंड म्हणजे ठरावीक मिनिटांची सरासरी, तीही उघड्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेली. जागतिक हवामान संघटनेचं प्रमाण १० मिनिटांच्या सरासरीचं आहे. अमेरिकेत १ मिनिटाची सरासरी घेतात, भारतीय हवामान विभाग ३ मिनिटांची. मिनिटं जितकी कमी, तितका सरासरीचा आकडा मोठा येतो, कारण लांबच्या मोजणीत वाऱ्याच्या पडत्या क्षणांचाही हिशेब धरला जातो. एकाच वादळाबद्दल दोन संस्थांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

गस्ट म्हणजे त्या सरासरीवरून उसळलेलं काही सेकंदांचं टोक. सध्याची प्रमाण मोजणी ३ सेकंदांची आहे. फलंदाजाची सरासरी आणि त्याची सर्वोच्च धावसंख्या यांत जो फरक, तोच सस्टेन्ड आणि गस्टमध्ये. म्हणून निवेदनात दोन आकडे जोडीने येतात, ‘ताशी ८० ते ९०, गस्टिंग टू १००’. उघड्या समुद्रावर गस्ट सरासरीच्या साधारण सव्वापट असते. जमिनीवर झाडं, इमारती, टेकड्या यांनी वारा घुसळला जातो, त्यामुळे तिथे ती दीडपटही होते. उलट मधेच वारा क्षणभर पडतो, त्याला ‘लल’ म्हणतात. हा शब्द गस्टचा विरुद्धार्थी म्हणून लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बातम्यांत सर्वांत जास्त घसरण इथेच होते. एक वृत्तपत्र मथळ्यात गस्टचा आकडा घेतं, दुसरं सस्टेन्डचा, आणि दोन्ही वाचणाऱ्याला वाटतं की रात्रीतून वादळाचा जोर ओसरला. विक्रमांचंही तसंच. १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ताशी ४०८ किलोमीटर वेग नोंदला गेला. टोर्नेडो वगळता पृष्ठभागाजवळ मोजलेला हा सर्वांत मोठा वेग. पण तो गस्टचा आहे. ऑलिव्हिया ‘४०८ च्या वेगाचं वादळ’ होतं असं लिहिणं चूक.

स्क्वॉल या दोघांच्या मधला. त्याची व्याख्या चांगली काटेकोर आहे: वाऱ्याचा वेग एकाएकी निदान १६ नॉटने (नॉट हे वेगाचं सागरी एकक, त्याबद्दल पुढे) वाढला पाहिजे, वाढून २२ नॉट किंवा त्यापुढे गेला पाहिजे आणि निदान एक मिनिट तिथे राहिला पाहिजे. किलोमीटरमध्ये सांगायचं तर साधारण २९ ची उडी, आणि पोहोच ४० च्या वर. गस्ट सेकंदांत संपते, स्क्वॉल काही मिनिटं चालतो आणि बहुधा गडगडाटी ढगांबरोबर येतो. असे ढग रांगेने पुढे सरकतात तेव्हा त्या रांगेला स्क्वॉल लाइन म्हणतात. म्हणजे ‘स्क्वॉली वेदर’ या शब्दांचा अर्थ दिवसभर जोराचा वारा असा होत नाही. वारा अधूनमधून अचानक उसळेल, मिनिटभर तरी टिकेल आणि पुन्हा पडेल, असा होतो. लहान होडीतल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक जिवाचा असतो, कारण शीड आवरायला वेळच मिळत नाही.

पफ, वॉफ्ट, ब्लास्ट यांना मात्र व्याख्या नाही. पफ म्हणजे हलकी फुंकर, वॉफ्ट म्हणजे वास किंवा आवाज सोबत घेऊन आलेली लहर, ब्लास्ट म्हणजे अंगावर आदळणारा झोत. हे वर्णनाचे शब्द आहेत, निवेदनात सहसा सापडत नाहीत.

ब्रीझपासून हरिकेनपर्यंत

आता वेग. इथे एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं. फ्रान्सिस बोफर्ट हा ब्रिटिश नौदलातला अधिकारी. १८०५-०६ च्या सुमारास त्याने वाऱ्याला क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्याआधी एका कप्तानाचा ‘जोराचा वारा’ दुसऱ्याला किरकोळ वाटायचा आणि जहाजांच्या नोंदवह्यांची एकमेकींशी तुलना करता येत नसे. बोफर्टने वाऱ्याचा वेग मोजलाच नाही. मोठ्या युद्धनौकेला त्या वाऱ्यात किती शिडं ठेवता येतात, हे त्याने पाहिलं. शेवटच्या पायरीवर कोणतंच शीड तग धरत नाही. १८३० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने ही श्रेणी स्वीकारली. पुढे १९०६ मध्ये जॉर्ज सिम्प्सन यांनी तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या. वेगाचे आकडेही तिला नंतरच चिकटले.

ही श्रेणी ० ते १२ अशी आहे आणि बहुतेक शब्दांची खरी जागा इथेच कळते. ० म्हणजे ‘काम’ (calm), वारा नाहीच: धूर सरळ वर जातो. १ म्हणजे लाइट एअर: धूर कलतो, पण वातकुक्कुट फिरत नाही. २ ते ६ या पाचही पायऱ्या ब्रीझच्या आहेत, आणि मराठी वाचकाला धक्का बसतो तो इथे. ब्रीझ म्हणजे झुळूक, असं आपण धरून चालतो. लाइट ब्रीझ (ताशी ६ ते ११ किलोमीटर) चेहऱ्याला जाणवते, पानं सळसळतात, तिला झुळूक म्हणता येईल. जेंटल ब्रीझमध्ये हलकं निशाण फडकत राहतं. मॉडरेट ब्रीझ धूळ आणि कागद उडवते. फ्रेश ब्रीझमध्ये लहान झाडं डोलू लागतात. आणि सहावी, स्ट्राँग ब्रीझ, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर: मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्ट्या घालतात, छत्री सांभाळणं अवघड होतं. तिला झुळूक म्हणणं म्हणजे थट्टाच.

७ म्हणजे निअर गेल: अख्खी झाडं हलतात, वाऱ्याच्या तोंडावर चालायला त्रास होतो. ८ म्हणजे गेल: ताशी ६२ ते ७४, झाडांच्या डहाळ्या मोडून पडतात. ९ ला स्ट्राँग गेल किंवा सिव्हिअर गेल म्हणतात, छपरांची कौलं निसटू लागतात. १० म्हणजे स्टॉर्म, ८९ ते १०२: झाडं मुळासकट पडतात. ११ म्हणजे व्हायोलंट स्टॉर्म. १२ म्हणजे हरिकेन फोर्स, ११८ आणि त्यापुढे कितीही.

म्हणजे बोलण्यातला ‘स्टॉर्म’ आणि श्रेणीतला ‘स्टॉर्म’ एक नव्हेत. बोलताना पाऊस, विजा, वारा असं सगळं मिळून स्टॉर्म होतं. थंडरस्टॉर्ममध्ये तर वारा नावापुरताही असू शकतो, व्याख्येला लागते ती फक्त वीज आणि गडगडाट. सागरी निवेदनातला ‘स्टॉर्म’ मात्र ४८ नॉटच्या खाली येत नाही. गेल वॉर्निंग ३४ नॉटपासून, स्टॉर्म वॉर्निंग ४८ पासून, हरिकेन फोर्स ६४ पासून.

जुनं इंग्रजी काव्य वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे गेल हा शब्द पुष्कळदा मंद, सुगंधी वाऱ्यासाठी येतो. तिथे झाडं मोडून पाडण्याची गरज नाही.

नॉट कशाला? किलोमीटर का चालत नाही?

नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. सागरी मैल हा अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा धरला जातो, त्यामुळे नकाशावर अंतर मोजणं सोपं जातं. जहाजं आणि विमानं दोन्ही म्हणूनच नॉट सोडत नाहीत. घाईत नॉटचं किलोमीटर करायचं असेल तर दुप्पट करून त्यातून दहावा हिस्सा कमी करा. ५० नॉट, दुप्पट १००, उणे १०, म्हणजे ९०. खरं उत्तर ९२.६, काम भागतं. ‘नॉट पर अवर’ मात्र कधी लिहू नये, ‘ताशी’ त्या शब्दातच आहे.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची: ६० चा वारा आणि १२० चा वारा यांत फरक दुपटीचा, मग नावं इतकी वेगळी का? कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १७ किलो वजनाएवढा रेटा देतो, १२० चा वारा साधारण ६९ किलोएवढा. वेग दुप्पट, रेटा चौपट. पवनऊर्जेत तर हिशेब घनाचा आहे, वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातून मिळू शकणारी शक्ती आठपट. तरीही बहुतेक मोठ्या पवनचक्क्या सेकंदाला २५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला, स्वतःला बंद करून घेतात. त्या वेगाला ‘कट-आउट स्पीड’ म्हणतात. बोफर्टच्या श्रेणीवर ही दहावी पायरी, स्टॉर्मची.

सायक्लोन, हरिकेन, टायफून: एकच, तरी वेगळे

तिघेही उष्ण समुद्रावर तयार होणारे, कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरणारे प्रचंड वारे. फरक भूगोलाचा. उत्तर अटलांटिक आणि ईशान्य पॅसिफिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून, हिंदी महासागर आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये सायक्लोन. पॅसिफिकमध्ये १८० रेखांश ओलांडला की नाव बदलतं. १९९४ मधलं जॉन हे वादळ हरिकेन म्हणून निघालं, ती रेषा ओलांडून टायफून झालं आणि परत फिरून पुन्हा हरिकेन झालं. नाव बदललं ते रेषेमुळे, वादळाची जात बदलली म्हणून नव्हे.

हरिकेन हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तायनो भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. सायक्लोन कलकत्त्यात घडला: हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये ग्रीक शब्दावरून तो बनवला, सापाच्या वेटोळ्याची कल्पना मनात धरून. टायफूनच्या जन्मकथेत ग्रीक, चिनी आणि अरबी तिघांचाही हात सांगितला जातो, आणि आपलं ‘तुफान’ त्याच कुळातलं.

‘मग कॅटेगरी थ्री म्हणजे सगळीकडे तेवढंच मोठं वादळ ना?’ नाही, आणि हे नीट कळलं तर निम्म्या बातम्या स्वच्छ दिसतात. अमेरिकेच्या सफिर-सिम्प्सन श्रेणीत तिसरी कॅटेगरी ताशी १७८ ते २०८ किलोमीटरची, एका मिनिटाच्या सरासरीवर. ऑस्ट्रेलियाच्या श्रेणीत तिसरी ११८ ते १५९ ची, १० मिनिटांच्या सरासरीवर. उत्तर हिंदी महासागरात तर कॅटेगरीला आकडाच नाही, शब्द आहेत. ३४ नॉटला सायक्लॉनिक स्टॉर्म, ४८ ला सिव्हिअर, ६४ ला व्हेरी सिव्हिअर, ९० ला एक्स्ट्रीमली सिव्हिअर आणि १२० ला सुपर सायक्लॉनिक स्टॉर्म. यातले पहिले तीन आकडे ओळखीचे वाटले असतील. ३४ म्हणजे बोफर्टचा गेल, ४८ म्हणजे स्टॉर्म, ६४ म्हणजे हरिकेन. शिडं मोजणाऱ्या माणसाच्या पायऱ्या आजच्या चक्रीवादळांच्या नावांत अजून शिल्लक आहेत.

शिवाय शास्त्रात सायक्लोन हा शब्द बराच मोठा आहे. कमी दाबाभोवती फिरणारी कुठलीही मोठी हवामान-रचना सायक्लोनच असते, थंड प्रदेशातलीसुद्धा. तिला एक्स्ट्राट्रॉपिकल सायक्लोन म्हणतात. यातल्या ‘एक्स्ट्रा’चा अर्थ ‘जास्त’ असा घेतला की अनर्थ होतो. इथे तो ‘बाहेरचा’ असा आहे, उष्ण कटिबंधाबाहेरचा. अँटीसायक्लोन म्हणजे जास्त दाबाचा प्रदेश, तिथे बहुधा आकाश निरभ्र असतं.

टोर्नेडो पूर्ण वेगळा. चक्रीवादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा आणि आयुष्य दिवसांचं. टोर्नेडो हा गडगडाटी ढगाखालून जमिनीला टेकलेला भोवरा, रुंदी बहुधा काही दहा ते काहीशे मीटर, आयुष्य बहुधा मिनिटांचं. पाण्यावर तो वॉटरस्पाउट होतो. आपली वावटळ, उन्हात धूळ आणि पानं गरगर फिरवणारी, ती डस्ट डेव्हिल. तिला ढग लागत नाही, तापलेली जमीन पुरते. सरळ रेषेत सपाटून जाणाऱ्या, शेकडो किलोमीटर लांबीच्या वादळी वाऱ्याला डेरेचो म्हणतात. गुस्ताव्हस हिनरिक्स यांनी १८८८ मध्ये हा स्पॅनिश शब्द वापरात आणला, अर्थ ‘सरळ’. ढगातून खाली आपटून चहूकडे पसरणारा, ४ किलोमीटरच्या आतला झोत म्हणजे मायक्रोबर्स्ट. उतरणाऱ्या विमानाला त्यात आधी समोरून वारा मिळतो आणि काही सेकंदांत पाठीमागून. उचल अचानक नाहीशी होते. कमी अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा अशी बदलणं, याला विंड शिअर म्हणतात.

कुठून, की कुठे?

वाऱ्याचं नाव तो येतो त्या दिशेवरून पडतं. मराठीतही तसंच, नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. म्हणून नॉर्थ विंड किंवा नॉर्दर्ली म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा वारा. वैमानिकाला मिळणारे अंशही तसेच: ‘टू सेव्हन झिरो, फिफ्टीन नॉट्स, गस्टिंग ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणजे २७० अंशांवरून, म्हणजे पश्चिमेकडून, १५ नॉट, टोकं २५ ची. समुद्रातल्या प्रवाहांचा नियम मात्र उलटा, प्रवाहाला तो जातो त्या दिशेचं नाव. वेस्टर्ली विंड पूर्वेकडे जातो, वेस्टर्ली करंट पश्चिमेकडे.

‘वर्ड’ शेपूट लागलं की पुन्हा सावध राहायला हवं. नॉर्थवर्ड म्हणजे उत्तरेकडे जाणारं. विंडवर्ड म्हणजे वारा येतो ती बाजू, लीवर्ड म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची बाजू. खलाशी या दुसऱ्याचा उच्चार ‘लूअर्ड’ असा करतात. भूगोलात हेच शब्द डोंगराला लागतात: विंडवर्ड उतारावर पाऊस, लीवर्ड उतारावर पर्जन्यछाया. जहाज वाऱ्याने आडोशाच्या बाजूला घसरत जायचं, त्या घसरणीला लीवे म्हणत. आज ‘लीवे देणं’ म्हणजे कुणाला थोडी मोकळीक देणं.

ऑनशोअर वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, ऑफशोअर जमिनीकडून समुद्राकडे जातो. सी ब्रीझ म्हणजे खारे वारे, दिवसा, समुद्रावरून. लँड ब्रीझ म्हणजे मतलई वारे, रात्री, जमिनीवरून. पण ऊर्जेच्या बातमीत ‘ऑफशोअर विंड’ आलं तर दिशेचा संबंध नाही, तिथे समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांबद्दल बोलणं चाललेलं असतं.

वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकली, जसं दक्षिणेवरून पश्चिमेकडे, तर तो ‘व्हिअर’ झाला. उलट सरकली तर ‘बॅक’ झाला. ब्रिटनच्या सागरी निवेदनात हे शब्द रोज येतात. त्या निवेदनात ‘सून’, ‘लेटर’ हेही मोजलेले आहेत: इमिनंट म्हणजे ६ तासांच्या आत, सून म्हणजे ६ ते १२, लेटर म्हणजे १२ ते २४.

आणि ट्रेड विंड्स. मराठी पाठ्यपुस्तकांत ते ‘व्यापारी वारे’ झाले आणि आता तसेच राहतील. पण मूळ शब्दातला ‘ट्रेड’ व्यापाराचा नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाट, ठरलेला मार्ग असा होता. सातत्याने एकाच वाटेने वाहणारे ते ट्रेड विंड्स. व्यापारी जहाजांना ते उपयोगी पडले हा नंतरचा भाग.

‘पण बोलताना एवढं कोण मोजतं?’

कुणी नाही. बोलताना स्ट्राँग विंड, गेल, स्टॉर्म सगळं एकमेकांत मिसळतं आणि त्यात काही चूक नाही. रोजच्या इंग्रजीत चुका होतात त्या दुसऱ्याच जागी. मराठीतल्या ‘हवा’ला इंग्रजीत तीन-चार शब्द लागतात. ‘खिडकी उघड, हवा येऊ दे’ यातली हवा म्हणजे एअर. ‘आज हवा कशी आहे’ यातली वेदर. ‘छान हवा सुटलीय’ यातली ब्रीझ. दाराच्या फटीतून घरात शिरणारी, पाठीला गार लागणारी हवा म्हणजे ड्राफ्ट. ब्रिटिश स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार हाच. विंड शक्यतो घराबाहेर वाहतो.

जोडीचे शब्दही ठरलेले आहेत. पाऊस हेवी असतो, वारा नाही. वारा स्ट्राँग किंवा हाय असतो. हलका असेल तर लाइट, ब्रीझ असेल तर जेंटल किंवा जोराची असल्यास स्टिफ. वारा सुटतो तेव्हा ‘पिक्स अप’, पडतो तेव्हा ‘ड्रॉप्स’ किंवा ‘डाइज डाउन’. विशेषण नसेल तर ‘अ’ लागत नाही, ‘देअर इज नो विंड’, विशेषण लागलं तर ‘अ कोल्ड विंड’, निवेदनात आकड्यासह आला तर बहुवचनी ‘विंड्स’. पतंग ‘इन द विंड’, सायकलस्वार ‘इन्टू द विंड’, आडोशाला उभा राहिलेला ‘आउट ऑफ द विंड’.

विंड चिल या शब्दाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. तापमान ५ अंश आणि विंड चिल उणे २ असेल तर उघड्यावर ठेवलेलं पाणी गोठत नाही. विंड चिल हा त्वचेला जाणवणाऱ्या थंडीचा आकडा आहे. वारा अंगाभोवतीचा उबदार थर उडवून नेतो, पण कोरड्या वस्तूला हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही.

जहाजावरून उतरलेले वाक्प्रचार

इंग्रजीतले वाऱ्याचे पुष्कळ वाक्प्रचार शिडाच्या जहाजांवरचे आहेत. जहाज नजरेसमोर ठेवलं की अर्थ पाठ करावा लागत नाही. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४० ते ४५ अंशांचा कोन करून ती पुढे सरकते. कोन त्याहून कमी केला की शीड फडफडतं आणि होडी थांबते. ‘सेलिंग क्लोज टू द विंड’ म्हणजे या मर्यादेला घासून जाणं, व्यवहारात कायद्याच्या किंवा सभ्यतेच्या कडेवरून चालणं. वारा अचानक समोरून शिडावर आदळला तर शीड डोलकाठीला चिकटतं आणि जहाज जागीच अडकतं. ‘टेकन अबॅक’ ते हेच. शत्रूच्या वाऱ्याच्या बाजूने आपलं जहाज नेलं की त्याच्या शिडांचा वारा आपण अडवतो, म्हणून ‘टेकिंग द विंड आउट ऑफ समवन्स सेल्स’: समोरच्याचा आवेशच काढून घेणं. ‘थ्री शीट्स टू द विंड’मधली शीट म्हणजे चादर किंवा शीड नाही, शिडाचा कोपरा ताणून धरणारा दोर. तीन दोर सुटले की जहाज झोकांड्या खातं, दारू प्यालेल्या माणसासारखं.

‘गेट विंड ऑफ’ मात्र जंगलातला. शिकाऱ्याचा वास वाऱ्याबरोबर जनावराकडे गेला की ते सावध होतं. त्यामुळे शिकारी डाउनविंड उभा राहतो, म्हणजे वारा जनावराकडून त्याच्याकडे येईल असा. आज अर्थ, कुणकुण लागणं. ‘सेकंड विंड’मध्ये विंड म्हणजे श्वास, दमल्यावर पुन्हा आलेलं बळ.

‘आय ऑफ द स्टॉर्म’ बहुतेक जण उलटा वापरतात. वादाच्या ऐन गदारोळात सापडलेल्या माणसाबद्दल हा शब्दप्रयोग येतो, पण चक्रीवादळाचा डोळा हीच तिथली सर्वांत शांत जागा. त्याचा व्यास बहुधा ३० ते ६५ किलोमीटर असतो. सर्वांत भयानक वारा त्याच्या कडेच्या भिंतीत असतो, ‘आयवॉल’मध्ये. डोळा डोक्यावरून जाताना वारा थांबतो, लोकांना वाटतं संपलं, आणि मग तेवढाच जोर उलट दिशेने येतो.

हेडविंड आणि विंडफॉल: अर्थपानावरचा वारा

हेडविंड समोरून, टेलविंड मागून, क्रॉसविंड बाजूने. विमान हवेत ताशी ८५० किलोमीटरने जात असेल आणि मागून १०० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबात ते ९५० ने जातं. तोच वारा समोरून असेल तर ७५० ने. यावरून अर्थकारणात प्रतिकूल घटकांना हेडविंड्स आणि अनुकूल घटकांना टेलविंड्स म्हणू लागले. ‘ग्लोबल हेडविंड्स’ असं एखाद्या कंपनीने म्हटलं की समजावं, वेग कमी झाल्याचं कारण बाहेर आहे असं तिला सांगायचं आहे. खरं आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. वैमानिकाला मात्र उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी हेडविंडच हवा असतो, धावपट्टी कमी लागते.

विंडफॉल म्हणजे वाऱ्याने पडलेलं फळ, झाडावर न चढता मिळालेलं. त्यावरून अनपेक्षित मोठा लाभ. एखाद्या उद्योगाला स्वतःच्या कर्तृत्वाशिवाय, फक्त परिस्थितीमुळे मिळालेल्या नफ्यावरचा कर तो विंडफॉल टॅक्स. ब्रिटनने १९९७ मध्ये खासगीकरण झालेल्या सार्वजनिक सेवा-कंपन्यांवर तो लावला होता आणि २०२२ मध्ये तेल-वायू कंपन्यांवर, दुसऱ्या नावाने. उद्योगांचा आक्षेप ठरलेला असतो: वाईट वर्षी तोटा आमचाच, मग चांगल्या वर्षीचा नफा तेवढा ‘वाऱ्याने पडलेला’ कसा?

विंड की वाइंड?

स्पेलिंग एक, शब्द दोन. नाम ‘विंड’. गुंडाळणं, किल्ली देणं, वळणं घेत जाणं हे क्रियापद ‘वाइंड’. म्हणून नागमोडी रस्ता ‘वाइंडिंग’, काम आटोपणं ‘वाइंड अप’, पण दम लागलेला माणूस ‘विंडेड’ आणि लांबण लावणारं भाषण ‘लाँग-विंडेड’. जुन्या कवितेत वाऱ्याचा विंडसुद्धा ‘काइंड’शी यमक जुळवताना दिसतो, तिथे कवीची चूक नाही, तसा उच्चार प्रचलित होता. क्रियापदाचं भूतकाळी रूप ‘वाउंड’, आणि त्याच स्पेलिंगचं जखमेसाठीचं नाम ‘वूंड’. विंडो वाऱ्याच्याच घरातली: नॉर्स भाषेत ‘वाऱ्याचा डोळा’. गस्ट आणि डिसगस्ट मात्र नातेवाईक नव्हेत. पहिला नॉर्समधून आलेला वारा, दुसऱ्यातला ‘गस्ट’ लॅटिनमधली चव.